मुक्त मूलक आणि मुळा

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) ऑक्सिजनपासून जे क्रियाशील पदार्थ तयार होतात, त्या सगळ्यांना ‘मुक्त मूलके’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. म्हणू नये. आरोग्याच्या सदरांतून आणि गोळ्यांच्या जाहिरातींतून हायड्रोजन पेरॉक्साइडलाही सर्रास मूलकांच्या पंगतीला बसवले जाते, ते वाचून डोके उठते.

ज्याच्याजवळ निदान एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना आहे, ते मूलक. सस्तन प्राण्यांच्या यकृतात किंवा हृदयस्नायूत तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर इलेक्ट्रॉन एका प्रथिनसंकुलाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. चौथ्या संकुलापाशी ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळून त्याचे पाणी होते. परंतु पहिल्या आणि तिसऱ्या संकुलापाशी एखादा इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला मिळतो आणि सुपरऑक्साइड बनते. हे अस्सल मूलक. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या जीवरसायनशास्त्रज्ञांनी 1969 मध्ये ज्याचे कार्य दाखवून दिले, ते सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, आणि तिथे सारे इलेक्ट्रॉन जोडीने नांदत असल्यामुळे मूलकपण संपते. पेरॉक्साइडला फेरस लोह भेटले, तर मात्र हायड्रॉक्सिल हे पुन्हा मूलकच, आणि तेही भलतेच आक्रमक, तयार होते.

पण खरी मौज शब्दात आहे. ‘मूलक’ हा इंग्रजी ‘रॅडिकल’चा प्रतिशब्द. या ‘रॅडिकल’च्या मुळाशी लॅटिन ‘राडिक्स’ म्हणजे मूळ आहे, आणि इंग्रजीतला ‘रॅडिश’, अर्थात मुळा, हाही त्याच राडिक्सचा वंशज. इकडे संस्कृतात ‘मूलक’ म्हणजे चक्क मुळा. आपला ‘मुळा’ त्यातूनच आला. तेव्हा ‘मुक्त मूलक’ म्हणजे शब्दशः मोकाट सुटलेला मुळा! ‘मूलांश’ सहज करता आला असता, तरी ‘मूलक’ निवडणाऱ्याला ही दोन्हीकडची भाजी ठाऊक असावी, असा माझा पक्का ग्रह आहे. त्याला योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे.

‘मुक्त’ हे विशेषणही उगाच लागलेले नाही. गितों द मोर्व्हो आणि लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या 1787 च्या परिभाषेत रॅडिकल म्हणजे ऑक्सिजनशी संयोग पावून आम्ल घडवणारा मूळ भाग, म्हणजे कशाला तरी बांधलेलाच. 1900 मध्ये गोम्बर्ग या रसायनशास्त्रज्ञाने ट्रायफेनिलमिथिल हे मूलक सुटे उभे करून दाखवले, म्हणून ‘मुक्त’ म्हणण्याला अर्थ आला.

राहता राहिली ‘क्रियाशील ऑक्सिजन प्रजाती’, म्हणजे इंग्रजीतली ‘रिअॅक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज’. हा प्रतिशब्द आग्रहाने चालवणाऱ्या परिभाषाकारांनी प्राणिशास्त्रातल्या ‘स्पीशीज’चा ‘प्रजाती’ उचलून रसायनशास्त्राच्या माथी मारला आहे. सुपरऑक्साइडला पिल्ले होत नाहीत. ‘ऑक्सिजनचे क्रियाशील प्रकार’ म्हटले की काम भागते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या प्रकारांत बसते, मूलकांत नाही.