बाबांचं समन्स आणि तुझी सनद

परळहून एका मुलीचं पत्र आलंय. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि लॉची सीईटी द्यायची म्हणते. गेल्या वर्षी पहाटे दूध आणायला निघालेल्या तिच्या वडिलांसमोर एका टॅक्सीने एका म्हाताऱ्या गृहस्थांना उडवलं. वडिलांनी पोलिसांना जबाब दिला आणि आता भोईवाडा कोर्टाचं समन्स आलंय. पण तरुणपणी मारामारीच्या केसमध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली होती. चाळीत जो तो सांगतो, ‘जेलमध्ये जाऊन आलेल्याची साक्ष कोर्ट धरत नाही. उगाच चारचौघांत शोभा होईल.’ समन्स लाइट बिलांच्या गठ्ठ्याखाली सरकवलंय. मुलीने दोन गोष्टी विचारल्यात : बाबा साक्ष देऊ शकतात का? आणि त्यांच्या शिक्षेमुळे मला वकिलीची सनद नाकारतील का?

बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. नाही नाकारणार. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 चं कलम 24अ सनद मागणाऱ्याची स्वतःची शिक्षा बघतं, तीही मुख्यतः नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे फसवणुकीसारख्या नीतीला सोडून केलेल्या गुन्ह्याची. सुटकेनंतर दोन वर्षं गेली की ती अडचणही संपते. वडिलांच्या शिक्षेचा तिथे संबंधच नाही. तीन वर्षांच्या कोर्ससाठी खुल्या वर्गाला पदवीला 45 टक्के लागतात, तेवढे सांभाळ.

आता बाबांचं. ते साक्ष देऊ शकतात, आणि समन्स आलंय म्हणजे जायलाच हवं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 124 काढून वाच. साक्षीदाराला विचारलेलं समजतं का आणि तो त्याचं सुसंगत उत्तर देऊ शकतो का, एवढंच ते विचारतं. आधीच्या 1872 च्या कायद्यातही, कलम 118 मध्ये, हेच होतं. चाळीत जे बोलतात ते जुन्या इंग्लंडात खरं होतं. तिथे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला साक्षीदार म्हणून उभंच करत नसत. 1843 मध्ये त्यांनीही ती बंदी उठवली.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घे. 26/11 च्या मुंबई हल्ल्याच्या कटात सामील असलेल्या डेव्हिड हेडलीला 2013 मध्ये अमेरिकेत 35 वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर 2015 मध्ये इथल्या विशेष न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये त्याने व्हिडिओ लिंकवरून 26/11 च्या खटल्यात साक्ष दिली. इतक्या मोठ्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्याचं कोर्ट ऐकून घेतं, तर रस्त्यावरचा अपघात डोळ्यांनी पाहिलेल्या तुझ्या बाबांचं का नाही ऐकणार?

अर्थात ऐकणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. उलटतपासणीत आरोपीचा वकील ती शिक्षा काढू शकतो, विश्वासार्हतेला धक्का देणारे प्रश्न विचारायची कायद्याने मुभा आहे. पण फार जुनी गोष्ट असेल आणि तिचा आजच्या साक्षीच्या खरेपणाशी संबंध नसेल, तर न्यायाधीश तो प्रश्न थांबवू शकतात. प्रश्न आलाच तर बाबांनी एका वाक्यात ‘हो, झाली होती’ म्हणून मोकळं व्हावं. लपवू नये. शपथेवर खोटं बोलणं हा नवा गुन्हा होईल आणि अपघाताबद्दलच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल.

काळा घोड्याजवळच्या सत्र न्यायालयात मी विद्यार्थ्यांना घेऊन मागच्या बाकावर बसते. एकदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असाच शिक्षा भोगून आलेला एक माणूस होता. वकिलाने ‘किती वर्षं आत होतात?’ विचारलं. ‘चार’, तो म्हणाला. क्षणभर सगळे गप्प. मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, ‘तुम्ही उभे होतात तिथून दिव्याचा खांब किती लांब होता?’ पुढचा अर्धा तास त्या खांबावरच गेला. कुठून पाहिलं, किती अंतरावरून, उजेड होता का, साक्ष याच्यावर तोलली जाते. त्या पहाटेचं हे सगळं बाबांना आठवतंय का, तेवढं घरी शांतपणे विचार. काय बोलायचं ते मात्र पढवू नकोस.

समन्स बिलांखालून बाहेर काढ आणि तारीख कॅलेंडरवर लिही. त्या दिवशी कॉलेज बुडालं तरी चालेल, बाबांबरोबर जा. पुकारा झाल्यावर ते आत गेले की तूही वही घेऊन मागे बस. वकिलाने पहिला प्रश्न कुठला विचारला, ते मला कळव.