भाड्याच्या शेडमध्ये बिनपाण्याचं शौचालय: एफडी मोडावी का?

प्रश्न: शिळफाट्याजवळ पत्र्याच्या भाड्याच्या शेडमध्ये माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. भाडं २५,०००, करार ११ महिन्यांचा. चार कारागीर, पॉलिशला एक ताई. सरासरी रोज ८०० रुपये. शौचालय नाही. सगळे पेट्रोल पंपावर जातात, येऊन-जाऊन प्रत्येकाचा रोज अर्धा तास मोडतो. सेप्टिक टँकसह बांधकामाला १,६०,००० सांगितलेत. थंड देशातल्या एका वर्कशॉपमध्ये बिनपाण्याचं शौचालय (मैला वाहून न नेता खालच्या कप्प्यात कुजवणारं) बसवल्याचा व्हिडिओ पाहिला. तसं ५५,०००त होईल आणि टँकरचं पाणीही वाचेल. २ लाखांची एफडी मोडू का?

उत्तर: शौचालय कराच. पण एफडीला हात लावू नका. तुमची मजुरी आणि भाडं मिळून महिन्याला सुमारे १,२९,००० होतात. म्हणजे ती एफडी जेमतेम दीड महिन्याचा आधार आहे, आणि एखाद्या बिल्डरने पेमेंट लांबवलं की तिचीच गरज पडते.

१,६०,००० जमिनीत घालू नका, कारण जमीन तुमची नाही. मात्र आधी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात चौकशी करा. मलनि:सारण वाहिनी शेडजवळ आली असेल तर मालकाकडून जोडणीच मागा, मग हा सगळा विषय संपतो.

वाहिनी नसेल तर बिनपाण्याचं शौचालय चालेल, पण पाण्याच्या बचतीवर हिशेब मांडू नका. पाच जण, दिवसाला चार वेळा, दर वेळी ८ लिटर धरले तरी २६ दिवसांत ४,२०० लिटरच्या आत. १०,००० लिटरचा अर्धा टँकरही नाही. खरा पैसा वेळेत जातोय: रोज अडीच तास, तासाला १०० रुपये, महिन्याला ६,५००. वाचलेला सगळा वेळ कामात येत नाही, म्हणून निम्मे धरा, देखभालीचे ७०० वजा करा. ५५,००० वसूल व्हायला पावणेदोन वर्षं लागतील. ११ महिन्यांच्या करारावर हा खर्च बसत नाही. मालकाकडून ३६ महिन्यांचा करार घ्या आणि त्यात शौचालयाची केबिन उभारायची व जाताना घेऊन जायची लेखी परवानगी घाला.

आता त्या व्हिडिओबद्दल. तिकडे थंडीत पाइप गोठून फुटतात, म्हणून पाणीच नको. शिवाय ते लोक कागद वापरतात. आपण पाण्याने धुतो, आणि ते पाणी मैल्यात गेलं की कुजणं बिघडतं, दुर्गंधी सुटते. म्हणून तीन वाटांचं भांडं मागा: मैला, लघवी आणि धुण्याचं पाणी वेगळं जाणारं. आपल्याकडे पावसाळ्यातली ओलही आहेच. कप्पे उंच जोत्यावर, जमिनीच्या वर असायला हवेत.

कप्पे दोनच हवेत, यात काटकसर नको. एक भरला की बंद करून वर्षभराहून जास्त ठेवायचा, तोवर दुसरा वापरायचा. एका डब्याचं स्वस्त मॉडेल कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. मैला पूर्ण कुजण्याआधी माणसाला हाताळावा लागतो, असं शौचालय हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अस्वच्छ ठरतं आणि त्याला बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ते काम आपण कुणाला सांगणार?

मैल्यावर टाकायला भुसा तुमच्याकडे फुकट आहे, पण फक्त साध्या लाकडाचा. प्लायवूड, एमडीएफचा नको, त्यात रेझिनचा गोंद असतो. फिनेल आणि ॲसिडही आत ओतायचं नाही.

केबिन तुमचे कारागीर बांधतील, तेवढा खर्च उतरेल. उरलेले पैसे तीन टप्प्यांत धंद्यातूनच काढा: आधी जोतं आणि कप्पे, मग केबिन, शेवटी भांडं आणि जाळी लावलेला व्हेंट पाइप. तीन महिन्यांत जमेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण वाचताना सारखी मनात येत होती. पंपावर जायला नको म्हणून त्या ताई दिवसभर पाणीच कमी पीत असतील. अशाने मूत्रमार्गाचा संसर्ग जडू शकतो. जागा ठरवण्याआधी त्यांना विचारा: दार कुठल्या बाजूला हवं, आतली कडी, दिवा, पॅड टाकायला झाकणाचा डबा. हे सगळं मिळून फार तर दोन हजारांत येईल, ते पहिल्याच टप्प्यात धरा.