उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, धरलेले नेम दुसऱ्याच आठवड्यात मोडतात. मोहाला नकार द्यायची सवय कशी लावायची?

तुम्ही लिहिलंय की भस्म बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी, मटण, दारू, इन्स्टाग्राम आणि रात्रीच्या वेब सिरीज असं चारही एकदम सोडता, दहा-बारा दिवस कसेबसे रेटता, मग एका शुक्रवारी मित्रांच्या बैठकीत एक नेम मोडतो आणि त्यामागून उरलेले तीनही जातात. इच्छाशक्तीला दोष देऊ नका. चार नेम एकदम धरलेत, आणि प्रत्येकाचा खरा निर्णय मोह समोर येऊन बसल्यावर घेताय. त्या वेळी घेतलेला निर्णय बहुतेकदा मोहच घेतो.

आधी चर्चचा नियम आणि तुमचा स्वतःचा नेम वेगळे करा, कारण बरेच जण दोन्हींची खिचडी करतात. कॅथलिकांसाठी सक्तीचे उपास दोनच: भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. ते 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. उपास म्हणजे दिवसात एक पूर्ण जेवण, शिवाय दोन वेळा थोडंसं खाणं, पण ती दोन्ही मिळून एका जेवणाएवढी होता कामा नयेत. भस्म बुधवारी आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 पूर्ण झाल्यावर लागू होतो. बाकी सगळं तुम्ही स्वखुशीने घेतलेलं आहे. ते मोडलं म्हणजे चर्चची आज्ञा मोडली असं नव्हे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुधा हे सगळंच ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं असतं. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार हे 46 दिवस होतात, त्यातले 6 रविवार वजा केले की 40. म्हणून रविवारी उपास नसतो. मटणाच्या नेमाला ती सूट ठीक आहे. पण ज्या गोष्टीची तुम्हाला चटक लागलीय तिला रविवारची सुट्टी देऊ नका. सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते.

आता मोह चालतो कसा ते. जुन्या ख्रिस्ती गुरूंनी त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सुचणं, गोडी लागणं, संमती देणं. पाप तिसऱ्या पायरीवर होतं. विचार मनात आला एवढ्यावरून स्वतःला पापी ठरवणारे लोक थकतात आणि ‘आता झालंच आहे तर’ म्हणून पुढे जातात. येशूलाही मोह झाला आणि तो निष्पाप राहिला, हे बायबलात इब्री 4:15 मध्ये स्पष्ट आहे. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत कुणी ‘परीक्षेत आणू नको’ म्हणतं, कुणी ‘मोहात पडू देऊ नकोस’. मूळ ग्रीक शब्द एकच आहे आणि त्याला दोन्ही अर्थ आहेत. तेव्हा सुचणं थांबवायच्या नादी लागू नका. लढायची जागा पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधली आहे, आणि तिथे वेळ काही सेकंदांचाच मिळतो.

त्या सेकंदांत काय करायचं? मोह कोणता त्यावर ते ठरतं, आणि इथेच बहुतेक उपदेश कमी पडतात.

कामवासनेच्या मोहाशी उभं राहून झुंजायचं नाही, तिथून निघायचं. प्रेषित पौल ‘पळ काढा’ असंच सांगतो (1 करिंथ 6:18). जुन्या करारात मालकाच्या, पोटीफरच्या, बायकोने वस्त्र धरलं तेव्हा योसेफ ते तिच्या हातात टाकून पळाला. तिला समजावत बसला नाही. आजच्या भाषेत: रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, गजराला साधं घड्याळ. दारूचंही असंच. बैठकीत बसून ‘आज फक्त चकणा’ म्हणणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

कंटाळ्याचं नेमकं उलट. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती साधूने आठ दुष्ट विचारांची यादी केली. आपल्या षड्रिपूंशी ती बरीच जुळते, पण तिच्यात खिन्नता आणि हा कंटाळा वेगळे मोजले आहेत. तो लिहितो की हा विचार सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत छळतो: सूर्य हलतच नाही असं वाटतं, माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो, ही जागाच नको, हे कामच नको असं होतं. (ऑफिसात रील बघायची हुक्कीही साधारण याच वेळेला येते.) इथे पळालात तर हरलात, उपाय जागेवर बसून राहणं हाच. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला तर सांगतात की प्रार्थनेत रुक्षपणा आला तर ठरलेल्या तासाहून थोडं जास्तच बसा, म्हणजे शत्रूला, सैतानाला, कळेल की या वाटेने काही मिळत नाही.

दोन्हीकडे वाद घालणं मात्र टाळा. एदेन बागेत हव्वा सर्पाशी चर्चेत शिरली. रानात सैतानाने तीनदा मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा एकेका वाक्यात उत्तर दिलं, आणि तिन्ही वाक्यं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली (8:3, 6:16, 6:13). म्हणजे उत्तर आधीपासून पाठ होतं. तुमच्या मोहासाठी एकच ओवीएवढं छोटं वचन निवडा आणि पाठ करा. पानभर प्रार्थना त्या क्षणी आठवत नाही.

आता ‘आधी ठरवणं’. इग्नेशियस यांच्या 1548 मध्ये छापलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात खाण्याविषयी एक नियम आहे, तो मला सर्वात उपयोगी वाटतो: पुढच्या जेवणात किती खायचं ते आत्ताचं जेवण झाल्यावर, भूक नसताना ठरवा, आणि मोह झालाच तर ठरल्याहून थोडं कमी खा. हाच नियम फोनला, खर्चाला, दारूला लावता येतो. शुक्रवारच्या बैठकीचा निर्णय गुरुवारी रात्री पोटभर जेवल्यावर घ्या आणि मित्रांना तेव्हाच कळवून टाका.

त्याच पुस्तकातली हिशेबाची पद्धत एका वेळी एकाच दोषासाठी आहे. वहीच्या पानावर सात दिवसांच्या सात जोड्या, म्हणजे चौदा आडव्या रेघा मारा. पहिल्या दिवसाच्या रेघा सर्वात लांब, पुढच्या लहान, कारण चुका कमी होत जाव्यात अशी अपेक्षा आहे. सकाळी उठल्याबरोबर आजचा एक नेम मनात उच्चारा. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासून तासातासाचा आढावा घेऊन जितक्या वेळा पडलात तितके ठिपके पहिल्या रेघेवर द्या. रात्री जेवणानंतर दुपारपासूनचे ठिपके दुसऱ्या रेघेवर. चूक होताच छातीला हात लावायचा. चारचौघांतही कुणाला कळत नाही. मग दुसरी रेघ पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून बघा. ठिपके कमी होत नसतील तर ते कुठल्या तासाला पडतात ते बघा. बहुतेक वेळा एक ठराविक तास, एक ठराविक जागा किंवा एक ठराविक माणूस निघतो, आणि मग नेम तिथेच बांधायचा असतो.

तुमच्या चारांपैकी कोणता निवडायचा? मी वेब सिरीज धरेन. झोप पुरी झाली की बाकीच्या तिघांचा जोर आपोआप उतरतो. मटण तर सोडून द्यायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. वसईत काय किंवा गोव्यात काय, मासळी मांसात धरत नाहीत म्हणून शुक्रवारी भरलं पापलेट आणि कोळंबी झाली, की ते ‘एकादशी, दुप्पट खाशी’च. साधी डाळ-भाजी खाल्लीत तर उपास; नाहीतर नुसता मेनू बदलला.

माप लहानच ठेवा. पाचव्या शतकातला योहान कॅसियन वाळवंटातल्या साधूंचं रोजचं माप देतो: दोन छोटे सुके पाव, दोन्ही मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम. दोन-तीन दिवस काहीच न खाता मग पोट फुटेस्तोवर जेवणाऱ्यांपेक्षा रोज एवढंच खाणारे त्याला बरे वाटले. लूक 9:23 मध्ये वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगितलाय. मत्तय आणि मार्कमध्ये त्या ठिकाणी हा शब्द नाही.

वाचलेले पैसे बाजूला टाका. रोजचे साठ रुपये वाचले तर चाळीस दिवसांत 2400 होतात, आणि ते ईस्टरच्या पार्टीत गेले तर उपास फुकट. यशया 58 मध्ये देवाला मान्य असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. त्याच अध्यायात उपास करून भांडणाऱ्यांचाही समाचार आहे, तेव्हा चहा सोडल्यावर तुमची चिडचिड बायको-मुलांना सोसावी लागत असेल तर तो चहा खुशाल घ्या.

नेम मोडल्यावर उरलेला दिवस सोडून देऊ नका. ठिपका द्या, पुढच्या तासापासून पुन्हा धरा. मन उदास असताना नेम बदलायचा नाही, हाही इग्नेशियस यांचाच नियम. आणि लपवू नका: शत्रूला गुपितच हवं असतं, असं ते म्हणतात. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करताना, किंवा विश्वासू पाळकाजवळ ‘मोह होतो’ असं मोघम न सांगता कोणता, किती वेळा, कुठल्या वेळी ते सांगा.

मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, खाण्याच्या विकारातून उठलेल्यांनी अन्नाचा उपास धरू नये. दुसरं काही सोडावं. आणि तुम्ही दारू रोज, भरपूर घेत असाल तर भस्म बुधवारी एकदम बंद करू नका. हात थरथरणं, घाम, भास, झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेततं. आधी डॉक्टरांकडे जा, त्यांच्या देखरेखीखाली सोडा, आणि दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या गटाची बैठक गाठा. त्या मराठीतही भरतात.