प्रथिन न बनवणारा आरएनए वनस्पतीच्या काय कामाचा?

तुम्ही विचारलंय की ज्या आरएनएपासून प्रथिन बनतच नाही, तो वनस्पतीच्या पेशीत असतो तरी कशाला. मी वनस्पतीशास्त्र शिकवते. या प्रश्नाला मी स्फुरदाचंच (फॉस्फरसचं) उदाहरण देते, कारण त्यात असे दोन आरएनए थेट एकमेकांना भिडतात.

जमिनीतलं बरंचसं स्फुरद कॅल्शियम, लोह नाहीतर ॲल्युमिनियमशी बांधलेलं असतं (आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियमशी), म्हणून मुळांना ते सहज मिळत नाही. मुळं स्फुरद फॉस्फेटच्या रूपात घेतात. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात फॉस्फेट आत घेणाऱ्या आणि वर पोचवणाऱ्या प्रथिनांवर एरवी पीएचओ२ हे प्रथिन लगाम ठेवतं, म्हणजे त्यांना मोडीत काढायला लावतं. फॉस्फेटची टंचाई झाली की मिर-३९९ हा जेमतेम २१ अक्षरांचा (म्हणजे आरएनएच्या साखळीतल्या २१ कड्यांचा) सूक्ष्म आरएनए वाढतो, पीएचओ२च्या संदेशवाहक आरएनएला (ज्याच्यावरून ते प्रथिन बनतं त्याला) जुळून चिकटतो आणि तो संदेश कापला जातो. लगाम सुटला की मुळं जास्त फॉस्फेट खेचतात. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. वरच्या भागात बनलेला मिर-३९९ रसवाहिन्यांतून मुळांपर्यंत उतरतो. भरपूर मिर-३९९ बनवणाऱ्या रोपाचा शेंडा साध्या खुंटावर कलम केला, तर खुंटाच्या मुळांतही पीएचओ२चा संदेश घटतो.

पण लगाम पूर्ण सुटणंही घातक. पीएचओ२ निकामी असलेल्या रोपांच्या पानांत फॉस्फेट इतकं साचतं की पानांना इजा होते. म्हणून त्याच टंचाईत आयपीएस१ हा दुसरा, लांब आरएनएही वाढतो. त्यातला एक तुकडा मिर-३९९शी जुळतो, पण जिथे काप पडायचा नेमक्या त्याच जागी तीन अक्षरं जास्तीची आहेत. त्यामुळे काप पडत नाही आणि मिर-३९९ आमिषाला लागलेल्या माशासारखा तिथेच अडकतो. तेवढ्या प्रमाणात पीएचओ२चा संदेश वाचतो. माद्रिदच्या संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवलं. त्यांचा पुरावा पक्का आहे: ती जागा बदलून तंतोतंत जुळवली, तर आयपीएस१ स्वतःच कापला गेला आणि त्याचा परिणाम नाहीसा झाला.

लांब आरएनएंची इतर कामं निराळी आहेत. याच रोपात थंडीनंतर फुलोरा येण्याशी कूलएअर नावाच्या आरएनएचा संबंध आहे, पण तो वेगळा विषय. आयपीएस१ची ही युक्ती मात्र प्रयोगशाळांनी उचलली. एखादा सूक्ष्म आरएनए काय करतो हे तपासायचं असेल, तर त्याच्यासाठी असंच कृत्रिम आमिष बनवून रोपात घालतात.