आर्ट थेरपी शिकायचीय? जरा थांब

बारावीनंतर थेट आर्ट थेरपीतच, म्हणजे चित्र-मातीच्या आधाराने मनावर उपचार करण्यातच, पदवी घेऊ का, असं विचारलंस. घाई नको गो. अमेरिका-ब्रिटनमध्येही आर्ट थेरपिस्ट म्हणून काम करायला मास्टर्स लागतं. पदवी ही त्याची पूर्वतयारी. म्हणून बी.ए.ला मानसशास्त्र घे आणि हात चालता ठेव. चित्रकलेची पदवी घेऊन सोबत मानसशास्त्राचे पेपर दिलेस तरी चालेल. आठ दिवसांत 'थेरपिस्ट' करून देणाऱ्या सर्टिफिकेटवर मात्र पैसे घालवू नकोस. मी घालवलेत.

हात चालता म्हणजे सुंदर चित्र नव्हे, साधनांची ओळख. जलरंग पसरतात, ताबा सुटतो. घाबरलेल्या माणसापुढे पहिल्याच दिवशी ते ठेवू नयेत. पेन्सिल, खडू ऐकतात. माती उलट जोर लावते. श्रावणात गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन बस, शाडू मळ, आपला श्वास कसा बदलतो ते बघ. एका आजींना मी मातीचा गोळा दिला होता. पाऊण तास नुसता अंगठा दाबत बसल्या. मग म्हणाल्या, "ही आमची जुनी चूल." मी गप्प राहिले.

ते गप्प राहणंच मला सर्वात उशिरा जमलं. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असं गणित नसतं. पोराने कागद काळा केला तर त्यालाच विचार. रात्रीची होडीही असेल.

पिंगुळीची चित्रकथी पाहिलीस का? कुडाळपासून जवळच आहे. चित्र पुढे धरून गोष्ट कशी सांगतात, ते एकदा बघून ये.