पहिल्या पाच मिनिटांबद्दल

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सायकलीवर दीड पान, बुटांवर अर्धं पान, आणि सहीच्या अगदी वर घाईत लिहिलेली एक ओळ: 'उघड्या पाण्याची थोडी भीती वाटते.' मी उत्तर त्या ओळीपासूनच सुरू करते. सायकलीचं नंतर बघू.

तू नाव नोंदवलंयस ती ट्रायथलॉनची, स्प्रिंट म्हणजे छोट्या अंतराची स्पर्धा. लागोपाठ 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. 2000 साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा तिथे जी अंतरं ठेवली त्याच्या बरोबर निम्मी. ही तिन्ही अंतरं सुटी सुटी तुला थोड्या सरावाने जमतील, याची मला शंका नाही. नवख्या माणसाची तारांबळ उडते ती सांध्यांवर. काठावरून पाण्यात, पाण्यातून सायकलवर, सायकलवरून रस्त्यावर. या प्रत्येक सांध्यानंतरची पहिली पाच मिनिटं शरीर खोटी बातमी देत असतं. पाण्यात सांगतं, तू बुडतेयस. सायकलवर सांगतं, अजून जोरात जा. धावायला लागलीस की सांगतं, पाय गेले. तुझा सगळा सराव ही खोटी बातमी ओळखण्यासाठी आहे, असं समज.

माझ्या पहिल्या स्पर्धेतलं सांगते. तलावात मी सलग एक किलोमीटर आरामात पोहायचे. त्या दिवशी जेमतेम शंभर मीटर गेले असेन. पुढच्या कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात पाणी शिरलं, मी श्वास घ्यायला तोंड वळवलं तर तिथे लाट. मग श्वास आतच जाईना. छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं झालं. पाणी गढूळ, खाली काही दिसत नाही, भिंत नाही, दोरी नाही. मी पाठीवर झाले. एवढं एकच मला सुचलं. आकाशाकडे बघत नुसते श्वास मोजले. बाराव्या-तेराव्या श्वासाला मदतीसाठीची एक कयाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, जवळ आली, वरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, 'पुढची दोरी धरा, घाई नाही.' मी धरली. मिनिटभराने सोडली आणि उरलेलं अंतर पोहून बाहेर आले.

नियम तसाच आहे. थांबून बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) किंवा उभी असलेली होडी धरायला हरकत नसते. तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही, इतकंच. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर पोहणं चालतं. हात वर करून मदत मागितली म्हणून कुणी बाद करत नाही. हे आधी माहीत असतं तर मी निम्मी कमी घाबरले असते. म्हणून तुला पहिल्याच पत्रात लिहितेय.

असं का होतं, तेही समजून घे. थंड पाणी अचानक अंगाला लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि मग काही वेळ भरभर चालतो. तो आपल्या ताब्यात नसतो. दोन-तीन मिनिटांत ते ओसरतं, बहुतेकदा त्याआधीच. त्यात सुरुवातीची धडधड आणि सगळे पळताहेत म्हणून आपणही जोर लावलेला. शिवाय नवखी माणसं पाण्याखाली श्वास धरून ठेवतात. गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुधा प्राणवायू कमी पडल्याने नव्हे, आत कार्बन डायऑक्साइड साठल्याने. तेव्हा तोंड पाण्यात असेपर्यंत सगळा वेळ श्वास सोडत राहा, बुडबुडे सतत दिसले पाहिजेत. मग वर आल्यावर फक्त आत घ्यायचं काम उरतं.

आता सराव. तुझा तलाव 25 मीटरचा आहे म्हणजे 30 फेऱ्या. पण त्या 30 फेऱ्यांत भिंत तुला 29 वेळा आधार देते, प्रत्येक वेळी पायाने ढकलून दोन-तीन मीटर फुकट मिळतात. उघड्या पाण्यात ते मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा भिंतीला न शिवता, दोन हात अलीकडूनच वळायचं. चिडचिड होते या सरावाने, आणि पहिल्या दिवशी नेहमीपेक्षा किती लवकर दम लागतो ते बघून तुला वाईट वाटेल. तरी करायचा.

दुसरी गोष्ट, सरळ जाणं. मोकळी लेन असेल तेव्हा डोळे मिटून आठ हात मार आणि मग उघड. कुठल्या बाजूला गेलीस बघ. प्रत्येक जण कुठल्या तरी बाजूला जातोच. तलावातली तळाची काळी रेघ ते झाकून ठेवते. स्पर्धेत सात-आठ हातांनी एकदा डोळे तेवढे पाण्यावर काढायचे, पुढची खूण बघायची आणि लगेच श्वासासाठी तोंड बाजूला. अख्खं डोकं वर काढलंस की कंबर खाली जाते आणि मग पाय मारून मारून दमशील. बोया लाटांत दिसत नसेल तर तिच्या मागचं काहीतरी उंच, झाड किंवा इमारत, आधीच काठावरून हेरून ठेव.

तिसरी गोष्ट मी तुला सल्ला म्हणून देत नाही, अट म्हणून घालतेय. उघड्या पाण्यात एकटीने उतरायचं नाही. कितीही शांत दिसलं तरी. भडक रंगाची टोपी, कमरेला तरंगणारा फुगा, आणि सोबत पाणी जाणणारं माणूस. अमेरिकेत 1985 ते 2016 या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला होता. अशा 135 घटनांपैकी 90 पोहताना घडलेल्या होत्या. त्यात बहुतेक पुरुष होते आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे तुझ्यासारखीला घाबरून घरी बसायचं कारण नाही. पण घरात कुणाला लहान वयात हृदयाचा त्रास झाला असेल, किंवा तुला कधी व्यायाम करताना चक्कर आली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखव. आणि मी वर खोट्या बातमीबद्दल लिहिलंय त्यातून हे वगळ: छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, उन्हात अचानक थंडी वाजणं. या बातम्या खऱ्या असतात. तिथे थांबायचं आणि हात वर करायचा.

स्पर्धेच्या दिवशी परवानगी असेल तर सुरू होण्याआधी पाण्यात उतर, तोंड भिजव, शंभरेक मीटर हळू पोहून ये. श्वासाचा तो पहिला झटका तिथेच उरकतो. मग उभी राहा सगळ्यांच्या मागे, कडेला. शिट्टी झाल्यावर मनात दहा आकडे मोज आणि मग निघ. त्या दहा सेकंदांत समोरची सगळी झटापट आपोआप पांगते.

सायकल. नवी घेऊ नकोस. हे मी ठामपणे सांगते, कारण पहिल्या स्पर्धेआधी सायकल घेणारी माणसं सरावापेक्षा सायकलीवरच जास्त वेळ घालवतात. तुझ्याकडची चालेल, फक्त दोन्ही ब्रेक घट्ट हवेत, टायरमध्ये पुरेशी हवा हवी आणि सीटची उंची नीट हवी. पॅडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने मारताना गुडघा जेमतेम वाकलेला राहतो. हँडलच्या उघड्या टोकांना बुचं आहेत ना, तेही बघ; नसतील तर तपासणीत अडवतात, आणि पडल्यावर ते टोक पोटात घुसू शकतं म्हणूनच अडवतात. पंक्चर काढता येत नसलं तरी ट्यूब बदलता आली पाहिजे. घरी तीनदा बदलून बघ, मागच्या चाकाची.

पाण्यातून बाहेर आल्यावर सायकलवर बसलीस की इतकं हलकं वाटेल की पाय आपोआप जोर लावतील. हीच ती दुसरी खोटी बातमी. पहिली दहा मिनिटं हलक्या गिअरवर, मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे पडतील अशा बेताने. शेजारच्याशी छोटं वाक्य बोलता येईल इतपतच दम लागू दे. आणि शेजारच्याच्या मागे चिकटायचं नाही. पुढच्याच्या मागे वारा कमी लागतो, म्हणूनच हौशी गटांच्या बहुतेक स्पर्धांत ते निषिद्ध असतं. किती मीटर अंतर ठेवायचं आणि ओलांडायला किती सेकंद, ते तुझ्या नियमपत्रकात असेल. ते पत्रक पूर्ण वाच. कंटाळवाणं आहे, पण वाच.

कारण नियम माहीत असून विसरले जातात. लंडन ऑलिंपिकमध्ये, 2012 साली, ब्रिटनचा जॉनी ब्राउनली पाण्यातून आला आणि सायकलवर चढण्याची रेषा ओलांडण्याआधीच चढला. 15 सेकंदांचा दंड. धावण्याच्या भागात पदकासाठी झुंज चालू असताना त्याला दंडाच्या चौकोनात उभं राहावं लागलं. तरीही त्याने कांस्य मिळवलं, सुवर्ण त्याच्या थोरल्या भावाला, ॲलिस्टरला मिळालं. इतक्या वर्षांचा सराव असलेल्या माणसाच्या हातून हे होतं, तर आपण रेषा डोळ्यांनी बघून ठेवलेली बरी.

म्हणून सांध्यांचाही सराव कर. घराच्या अंगणात, गच्चीवर, कुठेही. अंगावर बादलीभर पाणी ओत, मिनिटभर जागेवर धाव आणि मग हेल्मेटचं बक्कल लाव. करून बघ एकदा. बोटं ओली, धाप लागलेली, हनुवटीखाली काही दिसत नाही, आणि ते छोटंसं बक्कल खट्ट म्हणून बसत नाही. घरी दोन सेकंदांचं काम तिथे वीस सेकंद खातं आणि त्या वीस सेकंदांत माणूस कावरंबावरं होतं. क्रम एकच ठेव: आधी हेल्मेट, बक्कल बंद, मगच सायकलीला हात. परतताना उलटं: सायकल स्टँडला अडकवली, मगच बक्कल उघडायचं. मोजे घालणार असशील तर ते बोटांपर्यंत गुंडाळून बुटात ठेव, ओल्या पायावर सपाट मोजा चढत नाही. वेळ मोजणारी चिप डाव्या घोट्याला बांध, साखळी उजवीकडे असते.

तुझी जागाही पाठ कर. पहाटे रिकाम्या वाटणाऱ्या त्या आवारात नंतर सगळ्या सायकली एकसारख्या दिसतात. पाण्याच्या दाराकडून आत येऊन रांगा मोज, स्वतः चालत जा. मग सायकलीच्या दाराकडून येऊन पुन्हा मोज.

धावण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तू धावतेसच. सायकलवरून उतरल्यावर पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतील. पोटऱ्या लाकडाच्या, मांड्या फेरे मारायच्याच लयीत. त्याला उपाय एकच, आठवड्यातून एकदा सायकल आणि धावणं लागोपाठ. ट्रायथलॉनवाले त्याला ब्रिक म्हणतात. अर्धा-पाऊण तास सायकल, ती ठेवली की लगेच दहा मिनिटं धावणं, मध्ये पाणी प्यायलाही बसायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुझ्या लक्षात येईल की पाय जड वाटतात तेव्हा घड्याळ मात्र नेहमीपेक्षा जास्त वेग दाखवतं. सायकलच्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना धावणं रांगण्यासारखं वाटतं आणि आपण नकळत जोर लावतो. तेव्हा पहिला किलोमीटर मनाला नव्हे, घड्याळाला विचारून धाव. पावलं छोटी ठेव. दुसऱ्या किलोमीटरपासून पाय परत तुझे होतात.

तुझ्याकडे 12 आठवडे आहेत. आठवड्याला तीनदा पोहणं, दोनदा सायकल, दोनदा धावणं, त्यातलं एक धावणं ब्रिकमधलं. एक दिवस पूर्ण आराम. नोकरीमुळे काही सुटलं तर धावणं सुटू दे, पोहणं नको. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आण. खाण्याबद्दल तू बरंच विचारलंस. दीड-दोन तासांच्या स्पर्धेला वाटेत फार खावं लागत नाही. नेहमीचं, पचायला हलकं काही दोन-तीन तास आधी, सायकलवर पाण्याची एक बाटली, आणि त्या दिवशी नवीन काहीही नाही. ना खाणं, ना बूट, ना गॉगल.

तुझ्या घरच्यांनी विचारलं ना, हे खेळाडूंचं काम, तू कशाला? त्यांना सांग, या नावाची पहिली स्पर्धा 25 सप्टेंबर 1974 ला सॅन डिएगोच्या मिशन बेमध्ये झाली ती धावणाऱ्यांच्या एका क्लबाने हौसेने भरवली होती. 46 जण उतरले होते. त्यातल्याच एका नवरा-बायकोने, जॉन आणि ज्युडी कॉलिन्सनी, चार वर्षांनी हवाईत आयर्नमॅन ही खूप लांब अंतराची ट्रायथलॉन सुरू केली.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी पाण्यावर येतेय. पहिल्या दिवशी पोहायचं नाही. छातीभर पाण्यात उभं राहून तोंड बुडवायचं, श्वास सोडायचा, आणि मग पाठीवर तरंगत दोन मिनिटं आकाश बघायचं. मी शेजारीच असेन. टॉवेल जास्तीचा आण, आणि गॉगल दोन.

तुझी,
ताई