सायीचं तूप, शिळी भाकरी आणि वहीची कोरी पानं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की घरातली अशी कुठली काटकसर आहे जी तुम्ही पैसे वाचतात म्हणून नाही, तर करायला बरं वाटतं म्हणून करता. पत्रं आणि मेल भरपूर आले, सगळ्यांना जागा देता येत नाही, पाच घेतलेत. बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं आयटीत, पुण्यात राहतो, पैशाची तशी ओढाताण नाही. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि दुधावरची साय साठवून घरी तूप करायला लागल्या. आधी मला फ्रीजमधला तो सायीचा डबा बघूनच वैताग यायचा. आता त्या दोन महिने गावी गेल्यात आणि साय मीच साठवतेय! ऑफिसमधल्या मैत्रिणी म्हणतात, तुपाची बरणी दहा मिनिटांत दारात येते, तुझ्या एका तासाचा पगार किती आणि तू रवी कसली फिरवत बसलीस. हिशोबाने त्यांचं बरोबरच आहे ना? मग मला एवढं छान का वाटतं? आणि गेल्या वेळी माझं लोणी नीट आलंच नाही, त्याचंही सांगा.

उत्तर: अगं, पगाराचा तास आणि रवीचा तास एका तागडीत घालूच नकोस. रविवारी सकाळी त्या तासाचे तुला कोण पैसे देणार होतं? आणि हिशोबच करायचा तर पूर्ण कर. फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट असतं, म्हणजे रोज एक लिटर घेतलं तर महिन्याला 1 किलो 800 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश घरात येतो. तो सगळा सायीत उतरत नाही, बराचसा दुधातच राहतो आणि चहातून दह्यातून पोटात जातो, पण आमच्याकडे महिन्याला अर्धा ते पाऊण किलो तूप सहज निघतं, आणि दूध तर आपण घेणारच होतो.

आता लोणी. बहुतेक तू साय फ्रीजमधून काढली आणि तशीच घुसळायला घेतली. अति गार असली तर लोण्याचे कण एकमेकांना धरत नाहीत, अति कोमट झाली तर लोणी विरघळल्यासारखं होऊन ताकातच राहतं. आदल्या रात्री डबा बाहेर काढ, चमचाभर विरजण लाव, सकाळपर्यंत छान आंबट वास येतो. मग मोठ्या पातेल्यात घालून घुसळायला लाग, उन्हाळा असेल तर फ्रीजचं गार पाणी किंवा दोन-चार बर्फाचे खडे टाक. मिक्सर चालतो, मी मात्र रवीच घेते कारण मला आवाज ऐकायचा असतो. आधी जड, दबका आवाज येतो, हात भरून येतो, मग फेस वर चढतो आणि वाटतं काहीच होत नाहीये, आणि मग अचानक रवी हलकी होते आणि पातेल्यात पाणी खळखळायला लागतं. लोणी सुटलं! तो क्षण मी गेली तीस वर्षं दर महिन्याला बघतेय आणि अजून दर वेळी मी घरातल्या कुणाला तरी हाक मारते की या, बघा.

लोण्याचा गोळा दोन-तीन पाण्यांनी धू, जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवर कढव. लोण्यात पाणी असतं, ते उडेपर्यंत तडतडतं. तडतड थांबली, फेस बारीक झाला आणि तळाची बेरी बदामी दिसली की लगेच गॅस बंद, कारण गरम पातेल्यात ती पुढेही शिजत राहते. या पाच मिनिटांत फोन घ्यायचा नाही. मी एकदा घेतला आणि महिन्याभराच्या तुपाला करपट वास लागला, फार वाईट वाटलं होतं.

आणि छान का वाटतं विचारतेस, तर बघ. साय निघाली, तिचं लोणी झालं, ताकाची कढी झाली, पातेलं विसळलेलं ताकाचं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत गेलं (कढीपत्त्याला आंबट ताक मानवतं), बेरीत गूळ घालून गरम गरम खाल्ली, आणि शेवटी तुपाच्या पातेल्यात पोळ्यांची कणीक फिरवून घेतली की पातेलं कोरडं. कशाचा काही भाग वाया गेला नाही, सगळं घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या तोंडी लागलं. हे समाधान विकतच्या बरणीत येत नाही कारण तिथे फक्त तूप येतं. आमच्या लहानपणी बेरीचं पातेलं खरवडायला कोण घेणार यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची, तेवढी ती गोडी होती.

एक जाता जाता, दुधाच्या पिशवीचं टोक कापताना पूर्ण तोडू नकोस, लटकतं ठेव. तो छोटा तुकडा कचऱ्यात हरवतो आणि मग नाल्यात जातो, पिशवीला लागून राहिला तर तिच्याबरोबर धुऊन भंगारवाल्याकडे जातो.

प्रश्न: मी सांगलीचा, वय 71. पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली. ज्वारीची भाकरी करायला या वयात शिकलो, बरी जमते. पण एकट्याला दोन पुरतात आणि पीठ तीन भाकऱ्यांचं मळलं जातं, सवय तशीच दिसते. रोज एखादी उरते. टाकताना हात थांबतो कारण तिने कधी टाकली नाही. मुलगा फोनवर म्हणतो बाबा शिळं खाऊ नका. काय करावं?

उत्तर: काका, नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. भाकरी शिकलात हेच किती मोठं आहे, गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो म्हणून ती थापताना चिरते, भल्याभल्यांना जमत नाही. उकळतं पाणी घालून पीठ मळत असाल तर एका भाकरीचंही मळता येतं, पण माझं ऐकाल तर ते नका करू. एक भाकरी मुद्दाम जास्तीची करा. ती उरलेली नाही, ती उद्याच्या न्याहारीची.

रात्री गार झाली की फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. सकाळी हाताने कुस्करा, पाण्याचा हबका मारा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात कांदा चिरून होतो. कढईत तेल, मोहरी, हिंग, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे, मग कांदा, हळद, तिखट, आणि वर कुस्करा. मीठ बेताने, कारण भाकरीत घातलं असेल तर जास्त होतं. झाकण ठेवून एक वाफ आणा आणि झाकण काढल्यावर आणखी दोन मिनिटं हलवू नका, तळाशी जी खरपूस खपली धरते तीच खरी मजा. उन्हाळ्यात हे नको वाटलं तर कुस्करलेली भाकरी ताकात भिजवा, वर कांदा, मीठ, हिरव्या मिरचीचा ठेचा, बास. कधी तशीच मंद तव्यावर ठेवून कडक करा, चहाबरोबर खाता येते.

मुलाचं म्हणणंही अगदी चूक नाही हं. उन्हाळ्यात भाकरीला आंबूस वास आला, हाताला चिकट लागली किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर मन घट्ट करून टाकायचीच. आणि भात उरला तर तो रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, तास-दोन तासांत फ्रीजमध्ये, आणि सकाळी चांगला वाफेपर्यंत गरम. मुलगा पुढच्या वेळी आला की त्याला ही फोडणीची भाकरी करून वाढा, काही बोलू नका, नुसती वाढा. आणि मला कळवा.

प्रश्न: काटकसर कुठे करू नये? सासरी सगळंच पुरवून पुरवून वापरतात, मला भीती वाटते. (ठाणे)

उत्तर: तीन ठिकाणी अजिबात नाही. तळणाचं तेल परत परत तापवायचं नाही, काळपट झालं, फेसाळलं, धूर लवकर यायला लागला की गेलं ते. गॅसची रबरी नळी, ती पाच वर्षांनी बदलायचीच, वरची तारीख आजच बघा. आणि तारीख उलटलेली औषधं. यात वाचवलेले पैसे आपले नसतात. बाकी घरात पुरवून वापरू दे की, शिका त्यांच्याकडून.

प्रश्न: आजीच्या सुती साड्या माझ्याकडे बंगळुरूला आल्यात, सहा-सात आहेत, विरलेल्या. कपाटात ठेवून काय उपयोग, पण टाकवत नाहीत. गोधडी मला जमेल का? शिवण फक्त बटणापुरतं येतं.

उत्तर: जमेल, गोधडीला धावदोराच लागतो, आत-बाहेर आत-बाहेर. आधी साड्या धुऊन खळ पूर्ण काढा. जरीचा किंवा जाड काठ असेल तर उसवून बाजूला ठेवा, अंगाला टोचतो. सिंथेटिक मध्ये घालू नका, ते सरकतं आणि चुण्या पडतात. साडीच्या घड्या घालून चार थर पुरे, आपल्या आज्या जास्त घालायच्या पण त्यांना नदी-विहीर होती, तुम्हाला वॉशिंग मशीन आहे आणि भिजलेली गोधडी भयंकर जड होते. सगळ्यात कमी विरलेली साडी वर आणि खाली, फाटकी मध्ये. फरशीवर पसरून हाताने सपाट करा, मोठे कच्चे टाके घालून टाचून घ्या, मग कडेने सुरुवात करून चौकोनात आत आत येत जा. रोज अर्धा तास, घाई नाही. मला दोन महिने लागले होते पहिलीला, टाके वाकडे आले आणि कुणी कधी त्यावर बोललं नाही. डिसेंबरात पांघराल तेव्हा एखाद्या फुलावर हात जाईल आणि आठवेल की ही साडी आजी कुठे नेसली होती. फोटोवर हात फिरवून तसं होत नाही.

प्रश्न: मुलगा पाचवीत जाईल. मागच्या वर्षीच्या वह्या अर्ध्याहून जास्त कोऱ्या आहेत, मी म्हटलं याच वापर तर रडायला लागला, मित्र हसतील म्हणे. जबरदस्ती करू का? (नागपूर)

उत्तर: नका करू. शाळेच्या वह्या नव्या घ्या, नव्या वहीचा वास हा त्याचाही हक्क आहे. कोऱ्या पानांची घरची रफ वही करा आणि ती त्याच्याबरोबर बसून करा. पिना काढल्या की जोडपानं सुटी होतात, त्यातली मधली, दोन्हीकडून कोरी असलेली घ्या. वीस कोरी जोडपानं एकात एक घाला, चाळीस पानांची वही झाली. कव्हरला जुन्या कॅलेंडरचं जाड पान, कोरी बाजू वर. मधल्या घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, हे तुम्ही करा, पुढचं त्याला करू द्या. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, तिथून सरळ खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. आतल्या लांब टाक्याभोवती दोन्ही टोकांची गाठ. माझ्या भाच्याने अशी पहिली वही केली तेव्हा तिच्यात गणितं नाही केली, क्रिकेटचे स्कोअर लिहिले वर्षभर, आणि दुसरी कधी करायची म्हणून मागे लागला. लेबलवरचं नाव मात्र त्याचं त्यालाच लिहू द्या, अक्षर कसंही असो.